शजरा

साखळीच्या दर्ग्यात, उदबत्तीच्या राखेवर
लॅमिनेट केलेला शजरा टांगलाय.
बगदादहून उतरत आलेली नावं:
पीर, पिराचा मुरीद, मुरीदाचा मुरीद.
मुजावर रजबभाई म्हणतात,
सिलसिला म्हणजे तरी काय, साखळीच.
आमचा पत्ता नि आमचा पंथ एकच.

अकराव्या नावावर हवेचा बुडबुडा अडकलाय.
खाली ना शाह, ना सय्यद, ना कादरी.
नुसतं: दाऊद तारी.

फिरंग्यांनी बेट घेतलं त्या साली
खानका बाणस्तारीच्या अलीकडे होती.
मुरीदांकडे तलवारी सात,
त्यातली एक मोडकी.
पीर म्हणाले, रात्रभर झिक्र करू.
दाऊदला अरबी येत नव्हतं.
तो वल्ह्याच्या तालावर नुसतं 'हू' म्हणायचा,
जाताना होडी रिकामी,
येताना काठोकाठ:
बायका, पोरं, एक आंधळा हाफिज,
कुणाचं तरी वासरू.
मागे आकाश तांबडं, आणि पहाट व्हायला
अजून खूप अवकाश.

शेवटच्या खेपेनंतर
त्यानं स्वतःच्या होडीला पहारीनं भोक पाडलं.
सैन्याला तर मिळायला नको.
वल्हं खांद्यावर टाकून
गुडघाभर चिखलात उभा राहिला,
तोंड पलतीराकडे.

पुढचं रजबभाई सांगत नाहीत.
उदबत्ती बदलतात.
एवढंच म्हणतात,
की ओहोटीला वल्हं तेवढं परत आलं,
आणि पिरानं अंगातला खिरका काढून
त्या ओल्या लाकडाला घातला.

बाराव्या नावापासूनचे सगळे
त्या लाकडाचे मुरीद.