सूज

ऐरोलीत उतरून तिसऱ्या दिवशी
कुमुदताईचे पाय तिचे राहिले नाहीत.
घोट्यावर अंगठा दाबला मी
तर खळगा पडला, कणकेत पडावा तसा,
आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला.

"ॲबर्डीनला असं होत नाही गं,"
जणू मे महिना मीच मागवला होता.

मग पाय भिंतीला टेकून वर,
खाली दोन उशा आणि एक लोड.
लोणचं बंद. पापड बंद.
संध्याकाळी खाडीपर्यंत चालायचं
आमच्या ह्यांच्या चपला घालून.

तिथे फ्लेमिंगो चिखलात उभे.
"हेही परगावचेच ना?
मग यांच्याच कशा काड्या?"
हसता हसता कठड्याला धरून उभ्या राहिलो.

जोडवी मात्र रुतली होती.
साबण झाला, खोबरेल झालं, दोरा गुंडाळून झाला.
शेवटी सेक्टर आठच्या सोनाराने कातरून काढली.
"नवी घडवू? जरा सैल?"
ताई बोटांवरचे पांढरे वळ बघत होती.

भावजींना जाऊन दोन हिवाळे झालेत.
"मोज्यांच्या आत कुणाला दिसत होती,"
रिक्षात म्हणाली, बाहेर बघत.

सकाळी सूज थोडी उतरली.
लोणच्याची बरणी
तिनेच शोधून काढली.