तेरा सेंटिमीटर

घर पाहावं बांधून, असं म्हणतात.
मी पाहिलं, छप्पन्नाव्या वर्षी,
श्रूजबरीत, मागच्या अंगणात,
स्वयंपाकघरातल्या जुन्या कपाटाच्या फळ्यांचं.
एका फळीवर अजून हळदीचा डाग आहे.
तो मी आतल्या बाजूला घेतला.

दार तेरा सेंटिमीटर रुंद, तेरा उंच.
आत एक आडवी भिंत, वळसा घालून जावं लागेल अशी,
म्हणजे मांजराचा पंजा पोचत नाही.
खाली विटांचे चार तुकडे, ओल लागू नये म्हणून.
विद्याधर चहा घेऊन आला, वाकून पाहिलं,
म्हणाला, "भाडं किती?"

भाडेकरूला आपल्याकडे धड नाव नाही.
फोनवर बहिणीला सांगितलं तर म्हणाली, साळिंदर?
साळिंदर नव्हे गं. हे न सोललेल्या नारळाएवढं,
आणि घाबरलं की नारळासारखंच गप्प.
शब्दकोशात जाहक आहे,
पण जाहक म्हणून हाक मारली तर ओ कोण देईल?
आम्ही नुसतं ते म्हणतो.
ते आलं का? ते जेवलं का?
जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या, तसं.

दिवसा मी इस्पितळात लोकांची हाडं पाहते.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
रात्री दुसरा राखाडी पडदा:
छताच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा कॅमेरा,
अंधार हाच त्याचा उजेड.
पहिले अकरा दिवस एक गोगलगाय,
जिला आडवी भिंत ओलांडायला चाळीस मिनिटं लागली,
चौदा नंबरचं मांजर, दारात हनुवटी टेकून,
एक उंदीर, घाईत.
बाराव्या रात्री, दोन वाजून सात मिनिटांनी,
नाक.
ओलं, हलणारं, बाकी काही नाही.
मी श्वास धरून ठेवला.
सोडा म्हणायला कुणी नव्हतं.

कुंपण प्रिचर्डांचं.
त्यांच्या उंच झाडांवरून आमचं वाजलं होतं,
आमच्या भाज्यांवर ऊन पडत नाही म्हणून.
तीन वर्षं ते कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतात
मी आत गेल्यावर.
कुंपणाखालचं भोक मी पाडलेलं नाही. फळी कुजलेलीच होती.
थोडं मोठं केलं, एवढंच. रात्री. कानशीने.

ऑक्टोबरात दुसरा कॅमेरा बाहेर लावला
आणि त्यात हात आला.
भोकातून, मनगटापर्यंत, बाहीची शिवण उसवलेली.
करंगळीमागचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं,
हे मला झोपेतही कळलं असतं.
हाताने बशी पुढे सरकवली.
दूध.

दूध त्यांना चालत नाही. पोट बिघडतं, जीवही जातो.
तीन रात्री मी बशी उचलली, धुतली, पाणी भरून ठेवली.
चौथ्या संध्याकाळी त्यांचं दार वाजवलं.
"मला वाटलं होतं तुम्ही झोपलेल्या असता," प्रिचर्ड म्हणाले.
मग म्हणाले, त्यांची आई दूधच ठेवायची,
शेतावर, रोज रात्री, सगळ्या उन्हाळ्यांत.
बशीकडे पाहत राहिले.
"म्हणजे आईने किती मारली असतील?"
मला सांगता आलं नसतं.
मी त्यांच्या हाडाबद्दल विचारलं.
गाईने, ते म्हणाले. एकोणिसाव्या वर्षी.

नोव्हेंबरात ते पानं नेऊ लागलं,
तोंडात धरून, एकेक, कधी दोन,
पान दारात अडकलं तर मागे येऊन, पुन्हा.
मग आतून दार बुजवलं.
आता पडद्यावर नुसती पानं.
प्रिचर्ड सकाळी कुंपणापलीकडून विचारतात,
"काही?"
"पानं," मी सांगते.
"बरं," ते म्हणतात.

झाडांचा विषय अजून कुणी काढलेला नाही.