मीठ बसतं तसं

रेडीच्या खाणीतला काळा दगड
बाबांनी अठरा वर्षं बार्जमध्ये ओतला.
बार्ज मोठ्या जहाजाला लागायचा,
जहाज कुठे लागायचं ते त्यांना कोणी सांगितलं नाही.
घरी यायची ती भुकटी,
खोकल्यातून, माझ्या फ्रॉकच्या शिवणीतून.

आता तोच दगड इथेच विरघळतो,
आम्लात, टाकीत, रात्रपाळीच्या घुमघुमाटात.
लोखंड आधी काढायचं, ते गंजाचा गाळ होऊन जातं.
मग कॅल्शियम. मग मॅग्नेशियम, फार चिवट,
न बोलावता पंगतीत बसलेला आणि उठायचं नाव नाही.
मी मोजते. दशलक्षात पन्नासच्या वर गेलं
की चाकणचा माणूस फोनवर हसतो,
"मॅडम, हे खतवाल्यांना विका."

तीन लॉट खताला गेले.

मग एकदा सत्यभामाआते आली डबा घेऊन.
शिरोड्याच्या मिठागरात जन्म गेलेला,
टाचांना भेगा, भेगांत अजून पांढरं.
गेटवरच्या वहीत, व्यवसायाच्या रकान्यात
तिनं लिहायला लावलं : मीठ.

काचेतून ती टाकीत बघत राहिली.
पातं गरगरत होतं, खाली पिठासारखा गुलाबी चुरा,
सोलकढीत नारळ जास्त झाला की येतो तो रंग.
"घाई कसली गो तुमका?
बसताना हलवूचा नसता.
हलवलास काय मीठ घाण पोटात घेता."

इंजिनीअर खानोलकर हसला नाही, हे त्याचं चांगलं.
पातं मंद केलं, वाफ उतरवली,
टाकी रात्रभर निवत ठेवली.

सकाळी चाळणीवर तांदळाएवढे दाणे,
कडा असलेले.
मॅग्नेशियम एकेचाळीस.
मी आणखी दोनदा मोजलं. विश्वास नव्हता,
आतेवर नाही, माझ्या हातावर.

लॉट गेला. कुठल्याशा स्कूटरच्या पोटात
आमच्या डोंगराची चिमूट धावेल, धुराशिवाय.
बाबा असते तर म्हणाले असते,
"आवाज नाय, तर गाडी इली ता कळतला कसा?"

उरलेलं पाणी मात्र तळ्यात आहे,
अस्तर घातलेल्या, सही-शिक्क्याच्या तळ्यात.
त्या दिवशी जाताना आते तिथे वाकली,
चव बघायला बोट पुढे केलं.
मी ओरडले.
तिनं बोट मागे घेतलं, पदराला पुसलं,
कोरडंच.
"आणि ह्याचा मीठ खंय बसतला?"

त्या रकान्यात मी अजून काही लिहिलेलं नाही.