बाजारात तुरी

ओउलूच्या बंदराजवळ, तिसऱ्या मजल्यावर
हेल्वी रौतियो बाजार चालवते.
माल नाही, तागडी नाही, हमाल नाहीत,
फक्त प्रश्न:
अमुक गेम पहिल्या तीन महिन्यांत
दहा हजार खपेल का?
‘हो’चा एक भाव, ‘नाही’चा एक,
दोन्ही मिळून शंभर.
चलन खोटं. बटणं म्हणतात त्याला.
बटणांनी पावसुद्धा येत नाही,
तरी ल्योंचा एक दंतवैद्य पहाटे चारला उठून
चाळीस बटणांसाठी तिच्याशी भांडतो.

चौतीस वर्षं तिनं मासळीच्या लिलावाचे आकडे लिहिले
ओल्या बोटांनी.
मासा निदान समोर असायचा, डोळे उघडे ठेवून.
इथं बाजारात तुरी म्हणायचीही सोय नाही,
तुरी अजून
कुणाच्या तरी डोक्यात.

‘शेवटची फेरी’ नावाचा गेम.
एक नावाडी, बारा बेटं, बेटांवर माणूस नाही,
तरी वेळापत्रक पाळायचं.
करणारा एकटा, याच गावचा, ओन्नी पेल्टोला.
ओन्नी म्हणजे त्यांच्यात नशीब.
हेल्वीनं ते मनात आणलं नाही,
आकड्यांच्या माणसानं आणू नये.

भाव उघडला बासष्टला.
मग कोल्हा४१ नावाचा कुणी
रोज रात्री एकनंतर ‘नाही’ घेऊ लागला.
पाच बटणं, सात बटणं,
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा
तसा, चिकाटीनं, न बोलता.
बासष्टचे चव्वेचाळीस.
चव्वेचाळीसचे एकोणतीस.
नाताळला अकरा.
दंतवैद्यानं लिहिलं,
या कोल्ह्याचं त्या पोरानं काय घोडं मारलंय?

मुदत संपली.
एवढ्याशा गेमचे आकडे कुणी छापत नाही,
म्हणून तिनं करणाऱ्यालाच विचारलं.
नऊ मिनिटांत उत्तर:
सहा हजार एकशे अठरा.
आकडा खरा होता. पत्ता ओळखीचा.
याच पत्त्यावरून
ऑक्टोबरात कोल्हा आत आला होता.

नियम नववा तिनंच लिहिलेला:
आपल्या गेमवर आपण बटण लावू नये.
लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे हावरे होते,
स्वतःचा भाव चढवणारे.
स्वतःला उतरवत नेणारा
तिला सुचलाच नव्हता.

तिनं दोनच शब्द पाठवले: नियम नऊ.

तो म्हणाला, माहीत होता.
सगळे म्हणत होते खपेल. आई, मित्र,
कर्जाच्या कागदावर सही घेणारी बँकेतली बाईसुद्धा.
मला नाही म्हणायला
दुसरी जागा नव्हती.

खिडकीखाली समुद्र गोठत होता,
मधूनच कुणीतरी जड कपाट सरकवल्यासारखा आवाज.
हेल्वीनं कॉफी केली, प्यायली नाही.
मग त्याची सगळी बटणं काढून घेतली,
दोन हजार तीनशे सहा.
यादीत पहिला होता, तो यादीतूनच गेला.
लिलावातही सख्ख्या भावाच्या टोपलीला
तिनं कधी पाव किलो सोडला नव्हता.

आणि त्याच रात्री तिनं गेम विकत घेतला.
सहा हजार एकशे एकोणीस.
बाजार मिटलेला,
कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

नाव चालवायला तिला जमेना. दोनदा खडकावर गेली.
मग जमलं.
रिकामा धक्का, घंटा, रिकामा धक्का.
कुणी येणार नाही हे कळूनही
ठरल्या वेळेआधी दोर सोडावासा वाटेना.
बाहेर जानेवारीचा सूर्य दहाला उगवला, उगवल्यासारखा,
तेव्हा ती सातव्या बेटावर अडकली होती.

तिनं त्याला लिहिलं.
कौतुक नाही, सांत्वन नाही:
सातव्या धक्क्यावरचं दार उघडत नाही.

बराच वेळ काही नाही.
मग:
हो का?
तिथवर अजून कुणी पोचलं नव्हतं.