थंड पाण्याचं काम

सोमवारी रात्री ते धुण्याच्या पिशव्या घेऊन येतात.
निम्म्या पिशव्यांतले कपडे स्वच्छच असतात,
मला वासावरून कळतं.
पण अँट्रिमच्या या किनाऱ्यावर साडेआठनंतर
उबदार जागा दोनच,
आणि पबमध्ये फुटबॉल लावलेला असतो.

चार नंबरच्या मशीनला टेकून टर्लो सांगतो,
मी तीनदा मेलोय या मालिकेत.
एकदा बाणानं, एकदा पुरात,
एकदा नुसताच मागे, धुरात, कुणाच्या लक्षात न येता.
दिवसाला ऐंशी पौंड आणि गरम सूप.
‘माझं मरण मात्र पुस्तकाला धरून होतं बरं.
भाग तिसरा, पान दोनशे सहा:
आणखी पुष्कळ पडले.
त्या पुष्कळांतला एक मी.’

हेस्टर मॅकऑली हसत नाही.
पाचही कादंबऱ्या तिनं
बसथांब्यावर, दातांच्या दवाखान्यात,
आईच्या उशाशी बसून वाचल्यात.
टीव्हीवाल्यांनी सात खाड्यांच्या पाच केल्या,
राणीचं तोतरेपण काढून टाकलं,
याची ती वाण्यासारखी वही ठेवते.
‘तोतरी म्हणून ती कमी बोलायची,
कमी बोलायची म्हणून सगळे तिला टरकून असायचे.
आता नुसतीच सुंदर आहे.’

‘मालिका नसती तर मी पुस्तकाला हात लावला असता का?’
हा किलियन, सतरा वर्षांचा, मोजे उलटे.
‘पानं दुमडतोस, नसता लावलास तरी चाललं असतं.’

एकमत फक्त ब्रेनिथवर.
ब्रेनिथ नावाडीण, उतारूकडून नाणं घेत नाही,
बातमी घेते.
पाचव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर
ती वल्हं पुसत बसलीये.
सहावं पुस्तक अकरा वर्षं येतंच आहे.

मी पुस्तकं वाचलेली नाहीत.
मी नाणी मोजते, गाळणीतलं लोकर काढते.
पण गेल्या ऑक्टोबरात त्यांच्या तंबूतला बॉयलर बसला
आणि वेशभूषेची गाडी माझ्या दाराशी लागली.
बेचाळीस झगे, चार रात्री.
गुप्ततेच्या कागदावर सही केली,
त्यावर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं.

नाटकातलं रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि रंग.
गरम पाण्यात घातलंत तर जन्माचं बसतं.
खरंही तसंच.
थंड पाणी, मीठ, वेळ.

हिरवा झगा, गळ्याला माशाच्या खवल्यांची शिवण.
डाव्या बरगडीखाली भोक,
कडा कात्रीनं नीट कापलेल्या.
मग दुसरा तसाच. मग तिसरा.
तिन्हींना एकाच जागी भोक:
म्हणजे मनासारखं होईस्तोवर
ते पुन्हा पुन्हा घेणार होते.

ऑक्टोबर ते मे.
ती सहाव्या पुस्तकापर्यंत पोचते की नाही,
यावर त्यांनी किती सोमवार घालवले!
टर्लोनं नकाशे काढले. हेस्टरनं दहा पौंडांची पैज लावली.
मी सुटे पैसे देत राहिले,
ताकास तूर लागू दिली नाही.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी
कुणीच पिशवी आणली नाही.
हेस्टरनं रिकामं मशीन लावलं
आणि त्याच्या समोर बसली.
तीनदा मेलेला टर्लो बुटाची नाडी बांधत राहिला.
खूप वेळानं किलियन म्हणाला,
‘पुस्तकात आहे ना ती अजून?’
‘आहे.’
‘काय करतेय?’
‘वल्हं पुसतेय.’

मग तिनं माझ्याकडे पाहिलं.
‘तुला माहीत होतं.’
मी म्हटलं, गरम पाण्यात घालायचं नसतं ते.
दुसरं काही सुचलंच नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं काउंटरवर
पहिलं पुस्तक ठेवलं, न बोलता.
दुमडायचं नाही, एवढंच खुणेनं.
मी हळू वाचते, मशीनं फिरत असताना,
साबणाची पावती खूण म्हणून घालून.
पान एक्केचाळीस.
धुकं आहे, काठावर तिघं थांबलेत,
एकाच्या हातात नाणं.
त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.