गळती

पाटबंधारे खात्याच्या लिलावात घेतली ही कँपर.
पांढरी होती कधीतरी.
दारावरचं 'महाराष्ट्र शासन' मी खरवडून काढलं,
तरी उन्हात तिरपं पाहिलं की अजून वाचता येतं.

जिंतूर रोडच्या लिंबाखाली
वहाबमिस्त्रीनं बॉनेट उघडलं.
"गॅस भरा," मी म्हणालो.
"भरतो की. मागं बी कुणीतरी भरलाच असंल.
गेला कुठून, ते नको का बघायला?"

आधी कंडेन्सर.
जाळीत कापसाचे पुंजके, तुरीचं भूस,
एक अख्खं फुलपाखरू, वाळून
पोस्टाच्या तिकिटाएवढं.
पाण्याच्या बारीक धारेनं, एकही पातं न वाकवता
तो काढत बसला,
उरुसातून आलेल्या पोरीचं डोकं विंचरावं तसा.

मग नायट्रोजन. मग साबणाचा फेस.
दाढीच्या ब्रशनं एकेक जोड माखत गेला.
आम्ही दोघं गुडघ्यांवर, श्वास धरून.
कंप्रेसरच्या मागं, पाइपाच्या गळ्याशी
एक बुडबुडा
आला. फुगला. बसून राहिला.
शेजारी दुसरा.
"सापडली भवानी," मिस्त्री म्हणाला
आणि वीस रुपयांचं रबरी कडं
तेलात बुडवून करंगळीनं बसवलं.

आता पंप. आतली सगळी हवा बाहेर.
निळ्या घड्याळाचा काटा शून्याच्या खाली उतरला.
"अर्धा तास. हलला न्हाई पायजे."
मिस्त्री नमाजाला गेला.
मी काट्यासमोर बसलो.

साहेब मागच्या सीटवर बसायचे.
बंधाऱ्यावर उतरले की मी बटण बंद करायचो.
तसा आदेश नव्हता कुणाचा.
डिझेलच्या वहीत सही माझी असायची, एवढंच.
मग दोन दोन तास मी, दार उघडं टाकून,
आणि तापलेलं स्टेअरिंग, वर टाकलेला पंचा.
अकरा वर्षं तो गारवा
माझ्या कानाजवळून मागं गेला.

काटा हलला नाही.

सिलिंडर वजनकाट्यावर. सहाशे ग्रॅम, वर एक थेंब नाही.
क्लच टक् करून चिकटला.
पाइपाला घाम फुटला.
झरोक्यापुढं हात धरला:
गरमच. मग कोमट. मग एकदम
रांजणाच्या बुडाला हात लागावा तसं.
पैसे द्यायला उतरलो
तर बोटानं आपसूक बटण बंद केलेलं.
मिस्त्रीनं पाहिलं. हसला नाही.
"चालू ठेव," म्हणाला, "जरा मुरू दे."

संध्याकाळी मागं रेशीमकोषाच्या जाळ्या भरून
पूर्णेच्या बाजाराला निघालो.
काचा वर घेतल्यावर कळलं
डॅशबोर्डात एक स्क्रू केव्हाचा किरकिरतोय.

ताडकळसच्या फाट्यावर चहाला थांबलो,
इंजिन चालू ठेवून.
कपबश्या विसळणारं पोरगं पळत आलं,
"काका, गाडी गळूलालीय!"

खाली वाकून पाहिलं.
धुळीत ओला रुपया, त्याचा हळूहळू पापड होत चाललेला,
आणि एक कुत्रं
आधी हुंगून, मग चाटायला लागलेलं.

"गळू दे," मी म्हणालो.
"अजून एक कट आण."