तेरावं फोल्डर

डेसीत दुपारी वीज असते दोन ते पाच,
म्हणजे आमच्या घड्याळात आठ ते अकरा.
तेवढ्या वेळात मी बाबांचा स्टुडिओ
संगणकात भरते.

सत्तेचाळीस खोकी. चपलांची, बिस्किटांची,
एक तर इंजेक्शनच्या सुयांचं.
स्कॅनर खाकरतो, उजेडाची पट्टी सरकते,
आणि कुणाची तरी नवरी
पडद्यावर आधी उलटी येते, मग सुलटी.

येआबसिरा, माझा भाचा, शिकवून गेलाय:
आधी वर्ष, मग महिना, मग दिवस,
मधे आडवी रेघ, शून्य गाळायचं नाही,
मग सगळे आपोआप रांगेत उभे राहतात.
मी विचारलं, कुठलं वर्ष?
कॅमेरा म्हणतो दोन हजार चौदा,
बाबांची वही म्हणते दोन हजार सहा.
भाचा म्हणाला, आत्या, एक काहीतरी ठरव.

बाबांनी ठरवलं नव्हतं.
त्यांच्या पाकिटांवर तारीख क्वचित,
बाकी असलं सगळं:
*दात पडलेला मुलगा, हसायला तयार नाही.*
*पूल वाहून गेला त्या आठवड्यात.*
*डोळे मिटले. पुन्हा काढणे.*
*हिच्याच भावाने छत्री नेली.*
हे काय फोल्डरचं नाव झालं?
म्हणून मी १९९८-०४-१७ असं शिस्तीत लिहिलं,
आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई शोधताना
मला छत्रीच आठवत राहिली.

नावांवरून लावून पाहिलं.
आडनाव नसतं आमच्यात,
आपलं नाव, पुढे बापाचं, पुढे त्याच्या बापाचं.
एकशे बारा अल्माझ निघाल्या.
मग कोटावरून.
स्टुडिओत एकच कोट होता, डावी बाही रफू केलेली;
शिंपी, हमाल, दोन शिक्षक, एक पळून आलेला शिपाई,
अडतीस पुरुष त्या एका कोटातून
माझ्याकडे बघतात.
कोट हे फोल्डर मी ठेवलंय. भाच्याला सांगितलेलं नाही.

आता पागुमे.
आमचा तेरावा महिना, पाच दिवसांचा,
चौथ्या वर्षी सहा.
पगार नाही, शाळा नाही,
पावसात उभं राहून अंग धुवायचं.
दुष्काळातला तेरावा नव्हे हा;
वर्षाने मोजून परत दिलेले सुट्टे पैसे.
कॅमेऱ्यात महिना तेरा घालू गेले,
तो गुमान एकावर गेला.
फोल्डर मात्र काहीही ऐकून घेतं.
१३ लिहिलं,
बाराच्या खाली जाऊन बसलं.

त्यात काय ठेवायचं ते सुचत नव्हतं,
तोवर शेवटचं खोकं उघडलं.
वर बाबांचं अक्षर: *न्यायला येतील.*
निम्मे पैसे देऊन गेलेले,
आणि मग गेलेलेच.
पासपोर्टचे सहा, त्यातले दोन कापलेले.
झेहरा मुहिये, मांडीवर न मावणारं बाळ.
तेरुनेश, कडेला कुणाचा तरी अर्धा खांदा.
एकेक करून सगळे तेरामध्ये टाकले.
बाबा असते तर म्हणाले असते,
टाकले काय, ठेवले म्हण.

मंगळवारी एक म्हातारा आला,
गुलाबी पावती घडीवर फाटलेली,
आकडा पुसलेला.
वर्ष विचारलं, तो वाटाण्याच्या पोत्याचे
तेव्हाचे भाव सांगू लागला.
नाव इद्रिस. इद्रिस चौदा.
मग म्हणाला, कोट ओला होता त्या दिवशी,
माझ्या आधीच्या माणसाला पाऊस लागला होता.

तेरा उघडलं. सापडला.
ओल्या खांद्यांवर चकाकी,
वर वीस वर्षांचं तोंड, चिडलेलं.
बराच वेळ बघून तो म्हणाला, हा माझा धाकटा नातू,
मग स्वतःच हसला,
आणि उरलेले तीन बिर टेबलावर मोजले.
आज तीन बिरमध्ये काडेपेटीही येत नाही.
मी घेतले.

पाकीट रिकामं झालं, पण चित्र
अजून पडद्यावर आहे,
आणि आलेल्या माणसाला
न्यायला येतीलमध्ये ठेवायचं की कसं,
हे भाच्याला विचारणार, इतक्यात
अकरा वाजले. वीज गेली.